‘आपोआप’ म्हणजे कोणाच्या सांगण्यावरून?

‘आपोआप’ हा मराठीतला मोठा सोयीचा शब्द आहे. दूध आपोआप उतू जाते, शेवटचा तास आपोआप रिकामा होतो, परीक्षा तोंडावर आली की ग्रंथालयात आपोआप गर्दी होते. कर्ता सांगायचा नसला की हा शब्द पुढे करावा आणि मोकळे व्हावे. आमच्या कन्नड विभागातील मित्रमंडळी याच अर्थाने ‘तानागिये’ म्हणतात. दोन्ही शब्दांच्या पोटात ‘स्वतः’ दडलेला आहे. मराठीत ‘आप’, कन्नडमध्ये ‘तानु’. पण हा ‘स्वतः’ नेमका कोण, हे दोन्ही भाषा सांगत नाहीत. हल्ली संगणकाच्या बाबतीत हा शब्द उठल्यासुटल्या कानावर येतो. ‘लॅपटॉप उघडला की नेट आपोआप जोडले जाते,’ असे आपण म्हणतो. कोणाच्या सांगण्यावरून जोडले जाते, असे विचारले तर ऐकणारा आपल्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच प्रश्न आहे.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. पुढे पुस्तके इंग्रजी, कचेरीतले कागद कन्नड आणि घर मराठी अशी त्रिस्थळी यात्रा सुरू झाली. संगणकशास्त्राशी माझा संबंध टॅलीच्या तासापुरता. तेव्हा ‘हा लेख विज्ञान शाखेच्या कोणी लिहिला असता तर शोभला असता’ असे कोणी म्हणाल्यास मी रागावणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की हा प्रश्न जितका यंत्राचा आहे तितकाच नोंदीचा, पतीचा आणि विश्वासाचा आहे. आणि या तीन गोष्टींवाचून वाणिज्याचे एक पानही उलटत नाही.

प्रश्न आजच का उभा राहिला? मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला नेहमीचा आधार देणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. विंडोज ११ ला जी यंत्रसामग्री लागते ती जुन्या लॅपटॉपांत नसते. आता आपल्या वर्गात नवाकोरा लॅपटॉप घेऊन येणारे किती, हे प्रत्येकाने आपल्या बाकावरून नजर फिरवून पाहावे. कोणाचा थोरल्या भावाने वापरलेला, कोणाचा मामाच्या ऑफिसातून निघालेला, कोणाचा जुन्या मालाच्या दुकानातून घासाघीस करून आणलेला. अशा यंत्रांना लिनक्स हा मोठा आधार आहे. पैसे पडत नाहीत, जुन्या यंत्रावरही ते बरे चालते, आणि मराठी व कन्नड दोन्ही लिप्या त्यात लिहिता येतात. माझाही लॅपटॉप याच वाटेने लिनक्सवर आला. पण लिनक्स घेतले की पहिली तक्रार ठरलेली : ‘घरी चालते, कॉलेजात जोडतच नाही.’ आणि दुसरी, तिच्या अगदी उलट : ‘जोडायला नको तेथे जोडून बसते.’

या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे. डेस्कटॉप संगणक झाडासारखा एका जागी रुजलेला असतो. लॅपटॉप हा फिरस्ता. माझ्या लॅपटॉपचा एक दिवस पाहा : सकाळी घरचे राउटर, बसमध्ये फोनचा हॉटस्पॉट, महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे वायफाय, दुपारी ग्रंथालयात भिंतीतून आलेली केबल. सुटीत कोल्हापूरला मावशीकडे गेले तर तेथले आणखी निराळे. पाच ठिकाणी पाच नावे, पाच पासवर्ड आणि पाच प्रकारच्या रीतीभाती. कोठे पत्ता आपोआप मिळतो, कोठे तो ठरवून द्यावा लागतो, कोठे आधी एक पान उघडून नाव नोंदवावे लागते.

हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला, तेव्हा हा प्रश्न नव्हता. वायफायचे पहिले प्रमाण ठरले तेच १९९७ साली. त्यानंतरही बरीच वर्षे लिनक्सवाल्यांना नेटवर्कची माहिती एका साध्या मजकुराच्या फाइलीत हाताने लिहावी लागे. जागा बदलली की फाइल बदला. या दगदगीला कंटाळून लोकांनी छोटे छोटे प्रोग्राम लिहिले. डेबियन या वितरणात अशा एका प्रोग्रामचे नाव होते ‘व्हेअर ॲम आय’, म्हणजे ‘मी कुठे आहे?’ लॅपटॉपने जागे होताच स्वतःला हा प्रश्न विचारायचा आणि मिळालेल्या उत्तराप्रमाणे वागायचे! मला हे नाव फार आवडते, कारण त्यात साऱ्या विषयाचे सार आहे. पुढे २००४ साली रेड हॅट कंपनीने ‘नेटवर्क मॅनेजर’ या प्रोग्रामचे काम सुरू केले. आज उबुंटू, फेडोरा, मिंट यांसारख्या बहुतेक वितरणांत जोडण्यांचा कारभार तोच पाहतो. पडद्याच्या कोपऱ्यात वायफायची जी खूण दिसते, तिच्यामागे हा कारभारी बसलेला असतो.

हा कारभारी काम कसे करतो? बेळगावच्या वाचकाला ते समजावून सांगणे अवघड नाही, कारण आपण सारे दिवसभर तेच करीत असतो. बसच्या वाहकाशी कन्नड, भाजीवाल्या मावशींशी मराठी, बँकेच्या खिडकीपाशी जशी समोरून येईल तशी. समोरचा माणूस कोण आहे हे आपण आधी ओळखतो, मग मनातल्या यादीतून योग्य ती भाषा काढतो. हे इतके झटपट होते की आपण त्याला ‘आपोआप’ म्हणतो. वास्तविक त्यामागे वर्षानुवर्षांची यादी असते. ती यादी घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि आपण स्वतः तयार केलेली असते.

लॅपटॉपचेही तसेच आहे. प्रत्येक वायफाय यंत्र सेकंदाला सुमारे दहा वेळा आपले अस्तित्व पुकारीत असते, आणि त्या पुकाऱ्यात सहसा त्याचे नावही असते. लॅपटॉप जागा झाला की तो हे पुकारे ऐकतो आणि ऐकलेली नावे आपल्या जवळच्या नोंदींशी ताडून पाहतो. नाव जुळले की ‘डब्ल्यूपीए सप्लिकन्ट’ नावाचा त्याचा सोबती पुढे होतो. सप्लिकन्ट म्हणजे याचक, अर्जदार. (शिष्यवृत्तीच्या खिडकीपाशी उभे राहिलेल्यांना हे नाव समजावून सांगायला नको.) हा अर्जदार आपल्याला पासवर्ड ठाऊक आहे हे पलीकडच्या यंत्राला पटवून देतो, आणि गंमत अशी, की हे पटविताना पासवर्ड उघडा करून सांगावा लागत नाही. मग त्या नेटवर्काकडून पत्ता मागितला जातो, नावांचे पत्ते सांगणाऱ्या सेवकाची माहिती घेतली जाते, आणि शेवटी बाहेरचे जग खरोखर दिसते का याची चाचणी होते. एवढे सगळे काही क्षणांत उरकते, म्हणून आपण म्हणतो ‘आपोआप’!

मुद्दा असा, की या साऱ्या खटपटीच्या मुळाशी ‘नोंद’ आहे. नेटवर्क मॅनेजर प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र खाते ठेवतो. नाव काय, सुरक्षेचा प्रकार कोणता, पत्ता मागायचा की ठरलेला वापरायचा, आपण होऊन जोडायचे की नाही, असे सारे त्या खात्यात लिहिलेले असते. सगळ्या यंत्रासाठी ठेवलेली खाती प्रणालीच्या एका राखीव कपाटात असतात आणि मुख्य अधिकाराशिवाय ती वाचता येत नाहीत. आम्हां वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना ही रचना ओळखीची वाटावी. ही सरळ सरळ खातेवही आहे. आणि ‘आपण होऊन जोडा’ ही जी खूण आहे, ती म्हणजे आपण बँकेला देतो ती स्थायी सूचना : ‘दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या खात्यातून विम्याचा हप्ता वळता करावा.’ हप्ता आपोआप जातो खरा. पण सही आपली असते.

आता खरी मेख येथे आहे. बहुतेक वेळा ही स्थायी सूचना आपण जाणूनबुजून दिलेली नसते. एखाद्या नेटवर्काला एकदा हाताने जोडले की नेटवर्क मॅनेजर त्याचे खाते उघडतो आणि ‘पुढच्या वेळी आपण होऊन जोडा’ अशी सूचना सहसा स्वतःच लिहून टाकतो. म्हणजे सही आपली, मजकूर दुसऱ्याचा! कोऱ्या कागदावर सही करू नये असे आजी-आजोबा सांगत आले. आपण मात्र दर नव्या वायफायला कोऱ्या कागदावर सही करून देत असतो.

हा मजकूर आपण लिहू लागलो तर काय काय लिहिता येते, ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट प्राधान्याची. दोन ओळखीची नेटवर्के एकाच वेळी ऐकू आली तर कोणते घ्यायचे? प्रत्येक खात्यात यासाठी एक अंक असतो. तो उणे ९९९ पासून ९९९ पर्यंत काहीही ठेवता येतो. मुळात तो शून्य असतो. मोठा अंक आधी. अंक सारखे असतील तर सर्वांत अलीकडे वापरलेले नेटवर्क पुढे येते. म्हणूनच ‘काल हॉटस्पॉट वापरला आणि आज घरात राउटर असूनही हा हॉटस्पॉटलाच चिकटतो’ असा अनुभव येतो. यंत्राचे डोके फिरलेले नसते, खात्यातला अंक कोरा असतो. मी घराला ३०, महाविद्यालयाला २० आणि हॉटस्पॉटला उणे १० दिले आहेत. नोम पद्धतीच्या पडद्यावर नेहमीच्या सेटिंगमध्ये हा अंक दिसत नाही. ‘कनेक्शन एडिटर’ नावाची खिडकी उघडून तिच्या ‘जनरल’ या पानावर तो लिहावा लागतो. केडीई वापरणाऱ्यांना तो सेटिंगमध्येच सापडतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्राधान्य पाहिले जाते ते जोडणी करतेवेळी. एकदा जोडणी झाली आणि ती नीट चालू राहिली, तर मागाहून अधिक प्राधान्याचे नेटवर्क दिसले तरी नेटवर्क मॅनेजर चालती जोडणी मोडत नाही. हे मला शहाणपणाचे वाटते. अर्ज अर्धा भरून झालेला असताना यंत्राने मध्येच नेटवर्क बदलले तर पत्ता बदलतो, आणि पुष्कळ ठिकाणी सारे पहिल्यापासून भरावे लागते. मात्र त्यामुळे घरी पोचल्यावर वायफाय एकदा बंद करून चालू करणे, किंवा फोनचा हॉटस्पॉट आठवणीने बंद करणे, हे काम आपले राहते. केबलची गोष्ट वेगळी. केबल लावली की वायफाय न तोडताही वाहतूक केबलवरून जाते, कारण मूळ व्यवस्थेत केबलच्या वाटेची ‘किंमत’ १०० आणि वायफायच्या वाटेची ६०० धरलेली असते आणि स्वस्त वाट आधी निवडली जाते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला याहून सोपे उदाहरण कोणते हवे?

दुसरी गोष्ट पैशाची. हॉटस्पॉटच्या खात्यात ‘या जोडणीला डेटाची मर्यादा आहे’ अशी नोंद करता येते. अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट असला तर पुष्कळदा फोनच हे लॅपटॉपला कळवितो. ही नोंद असली की ती मानणारे प्रोग्राम मोठमोठ्या सुधारणा परस्पर उतरवून घेत नाहीत. ज्याच्या घरी दिवसाच्या दीड-दोन जीबीत भावंडांचा अभ्यास आणि वडिलांच्या दुकानाचा व्यवहार बसवायचा असतो, त्याला या एका खुणेची किंमत वेगळी सांगायला नको.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट विश्वासाची. बिनपासवर्डचे उघडे वायफाय ओळखण्याचे लॅपटॉपजवळ एकच मोठे साधन असते, ते म्हणजे त्याचे नाव. आणि नाव कोणीही घेऊ शकतो. स्टेशनावरच्या किंवा चहाच्या दुकानातल्या उघड्या नेटवर्काचे नाव घेऊन कोणी शेजारच्या बाकावर बसला, तर आपला लॅपटॉप ओळखीचे माणूस भेटल्यासारखा त्याच्या गळ्यात पडेल. यंत्राचा क्रमांकही खात्यात बांधून ठेवता येतो. पण तोही खोटा सांगता येतो. उघडे नेटवर्क म्हणजे बेअरर चेक : जो आणील त्याला द्या. पासवर्डचे नेटवर्क त्या मानाने बरे, कारण पासवर्ड ठाऊक नसलेला तोतया अर्जदाराच्या परीक्षेत उतरत नाही. बँकांची संकेतस्थळे आपल्या बाजूने वेगळे कुलूप लावतात, त्यामुळे सारेच लुटले जाते असे नव्हे. उगाच घाबरविण्याचा माझा हेतू नाही. पण खोटे लॉगिन-पान समोर ठेवून पासवर्ड काढून घेणे त्याला शक्य होते. म्हणून उघड्या नेटवर्काच्या खात्यात स्थायी सूचना कधीही देऊ नये. गरज पडेल तेव्हा हाताने जोडावे, काम झाले की खातेच बंद करावे.

याहून नाजूक प्रकरण आहे ते संस्थांच्या वायफायचे, जेथे प्रत्येकाला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड दिलेला असतो. येथे यंत्राने संस्थेची खात्री करून घेण्यासाठी एक प्रमाणपत्र असते. लिनक्सच्या खिडकीत प्रमाणपत्राच्या रकान्याखाली एक चौकट असते. तिचा अर्थ असा : ‘प्रमाणपत्राची गरज नाही.’ जोडणी होत नाही अशी तक्रार घेऊन गेले की बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो तो हाच, ‘त्या चौकटीत खूण करा आणि चालू लागा.’ खूण केली की जोडणी होते हे खरे. पण त्या खुणेचा अर्थ, नमुना सही न ताडता चेक वटवा, असा होतो. कोणत्या बँकेत हे चालेल? आणि येथे पणाला लागतो तो निकाल, शुल्क आणि ग्रंथालय या साऱ्यांची किल्ली असलेला पासवर्ड.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला सावध लोकांचा : ‘एवढा धोका असेल तर आपोआप नकोच, दर वेळी हातानेच जोडावे.’ हा मार्ग दिसायला सुरक्षित आहे, परंतु मला तो पटत नाही. खानापूरकडून येणाऱ्या मुलीला बस आणि पहिला तास यांत दहा मिनिटे मिळतात. तिने रोज नावे शोधत बसावे काय? आणि दर वेळी पासवर्ड टाइप करणारा माणूस शेवटी तो वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो, हे आपण सारे पाहतो. कंटाळलेल्या माणसाची सावधगिरी चार दिवस टिकते. एकदा नीट लिहिलेली सूचना वर्षभर टिकते. दुसरा आक्षेप निश्चिंत लोकांचा : ‘यंत्र आपले आपण पाहून घेते, आपण कशाला डोके शिणवायचे?’ त्यांना माझे उत्तर असे, की यंत्र काहीच पाहत नाही; ते वाचते. आपण लिहिले नसेल तर ज्याने तो प्रोग्राम बांधला त्याने लिहिलेले वाचते. हेलसिंकीत किंवा अमेरिकेत बसलेल्या भल्या माणसाला आपल्या गल्लीतले राउटर, आपल्या फोनचा डेटा आणि आपल्या कॉलेजची रीत कशी ठाऊक असणार?

आता थोडे संस्थांविषयी. विद्यार्थ्याने खातेवही लिहायची म्हटले तरी नोंदीचा मजकूर त्याला कोणीतरी सांगायला हवा. गेल्या वर्षी माझी एक मैत्रीण शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी शहरातल्या एका संस्थेच्या संगणक कक्षात गेली. ती तेथील विद्यार्थिनीच होती, नाव-पासवर्ड तिच्याजवळ होते. लॅपटॉप भावाचा, त्यावर लिनक्स. भिंतीवर सूचनापत्रक होते. त्यात विंडोजची चित्रे होती, मोबाईलची चित्रे होती. तिने विचारले, ‘सुरक्षेचा प्रकार कोणता आणि प्रमाणपत्र कोठे मिळेल?’ उत्तर आले, ‘लिनक्स इथे चालत नाही.’ तिचा प्रश्न लिनक्सचा नव्हताच. ज्या दोन गोष्टी तिने विचारल्या त्या कोणत्याही यंत्राला लागतात. विंडोज आणि मोबाईल त्या गुपचूप विचारून घेतात एवढेच. तिने अर्ज शेवटी बस स्टँडजवळच्या सायबर कॅफेत पैसे मोजून भरला. तेथे परक्या यंत्रावर आधार क्रमांक, बँक खाते आणि उत्पन्नाचा दाखला उघडावा लागला तो वेगळाच. ज्या मुलीकडे पैसे कमी म्हणून जुना लॅपटॉप, तिलाच जास्तीचे पैसे आणि जास्तीचा धोका. हा हिशेब मला बरोबर वाटत नाही.

कोणी म्हणेल, कर्मचारी तरी किती प्रणाली शिकणार? प्रश्न रास्त आहे. पण मी कोणाला लिनक्स शिकायला सांगत नाही. माझी मागणी एका कागदाची आहे. कोणत्याही शिक्षणसंस्थेने आपल्या वायफायविषयी पुढील पाच ओळी फळ्यावर लावाव्यात : नेटवर्काचे अचूक नाव, सुरक्षेचा प्रकार, प्रमाणपत्र मिळण्याची जागा आणि ज्याच्या नावाने ते आहे ते नाव, पत्ता आपोआप मिळतो की नोंदवावा लागतो, आणि यंत्राचा क्रमांक नोंदवावा लागत असल्यास तसे स्पष्ट. या शेवटच्या ओळीचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. २०२४ साली आलेल्या फेडोरा ४० पासून ते वितरण प्रत्येक वायफायला यंत्राचा वेगळा क्रमांक दाखविते. हे आपला माग कोणी काढू नये म्हणून आहे. पण जेथे क्रमांकाची नोंद करूनच प्रवेश मिळतो तेथे त्या जोडणीत दिसणारा क्रमांक द्यावा लागतो. लॅपटॉपच्या तळावर छापलेला देऊन चालत नाही. या पाच ओळी मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असाव्यात. ज्याला त्या वाचता येतील त्याला विंडोज काय, लिनक्स काय, कोणतेही यंत्र जोडता येईल.

जमल्यास याहून एक पाऊल पुढे जावे. युरोपातल्या विद्यापीठांनी २००२-०३ च्या सुमारास ‘एज्युरोम’ नावाची योजना सुरू केली. तीत आपल्या संस्थेने दिलेले एकच नाव आणि पासवर्ड घेऊन विद्यार्थी दुसऱ्या सहभागी संस्थेत गेला तरी त्याचा लॅपटॉप तेथे आपण होऊन जोडला जातो. पाहुणचार करणारी संस्था पासवर्ड तपासत नाही. ती विद्यार्थ्याच्या मूळ संस्थेकडे विचारणा करते, जसा एका बँकेत भरलेला चेक ज्या बँकेचा असेल तिच्याकडे जातो. भारतात ही योजना एर्नेट इंडिया चालविते. येथेही प्रमाणपत्राची खूण नीट केलेली असेल तरच ती सुरक्षित, हे विसरून चालणार नाही. पण बेळगावच्या मुलाने संदर्भासाठी दुसऱ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जावे, लॅपटॉप उघडावा आणि कोणापुढे हात न पसरता कामाला लागावे, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

प्राध्यापक मंडळींना एक विनंती. पहिल्या वर्षाला संगणकाच्या तासाला आम्हांला संगणकाचे भाग आणि त्यांच्या व्याख्या पाठ कराव्या लागतात. त्यातला एक तास या खातेवहीला द्यावा. मराठी आणि कन्नड विभागांनी तो मिळून घ्यावा. वह्यांतले शब्द निराळे असतील, यंत्र तेच राहील. प्रत्येकाने आपल्या लॅपटॉपमधील किंवा फोनमधील जोडण्यांची यादी उघडावी. ज्यांची नावेही आठवत नाहीत ती खाती बंद करावीत. उरलेल्यांपुढे अंक लिहावेत. उघड्या नेटवर्कांपुढची स्थायी सूचना काढावी. अर्ध्या तासाचे काम आहे. माझ्या एका मैत्रिणीच्या यादीत एकोणीस नावे निघाली. त्यांतली चार तिला ओळखता आली.

सोय वाईट नाही. अर्ध्या घासाने उठून बस गाठणाऱ्या आम्हां मुलामुलींना ती हवीच आहे. फक्त सोयीच्या कागदावर सही करण्यापूर्वी मजकूर वाचावा, आणि जमेल तेथे तो आपण लिहावा, एवढेच माझे मागणे आहे. पाच ओळींचा तो कागद आपल्या महाविद्यालयाच्या फळ्यावर या सत्रात लागावा. तिन्ही भाषांतला मजकूर लिहून द्यायला आम्ही दोन्ही विभागांचे विद्यार्थी तयार आहोत.

— बी.कॉम., तृतीय वर्ष (मराठी विभाग)